दिवाळसणाची तुंबलेली मोरी

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी धारहून देवासला सासुरवाडीला गेलो. पहाटे अंगभर तेल-उटणं थापून न्हाणीत पाटावर बसलो, चार तांबे अंगावर घेतले, आणि गेलेलं पाणी मोरीतून परत माझ्या भेटीला आलं. राखाडी, कोमट, वर तेलाचा तवंग, तवंगावर कुणाकुणाचे केस. मी उठून उभा राहिलो, तर ते घोट्यांना चिकटत वर चढू लागलं.

झालं होतं असं, की सासूबाई कुंकवाखाली लावायचं मेण घरीच करीत. दिवाळीआधी त्यांनी आळीतल्या सगळ्या बायकांसाठी मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून गाळलं आणि मेणचट पातेली कढत पाण्यानं धुऊन सगळं मोरीत सोडलं. ते आत जाऊन गोठलं.

"कढत पाण्यानं विरघळेल," असं म्हणून सासऱ्यांनी अख्खं घंगाळ ओतलं. विरघळलं काही नाही. पाट तेवढा तरंगू लागला.

सासूबाई दाराआडून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "पहिल्या सणाला जावयाला गटारात उभं केलं. धारला विहीणबाईंना कळलं तर माझ्या लेकीला जन्मभर ऐकवतील."

मी लोखंडी आकडी मागितली.

"रहने दो, जावईबापू," सासरे म्हणाले. "जावयानं मोरीत हात घातला, हे तर त्याहून वाईट."

"त्याहून वाईट ते माझ्या पोटऱ्यांवर चढतंय," मी म्हणालो आणि कोपरापर्यंत हात घातला.

आत शिकेकाईचा कुजका चोथा, मऊ, थंडगार, बुळबुळीत. त्याखाली मेण, दगडासारखं. टोकरलं की नखांत शिरायचं. शेवटी आकडी रुतली आणि नळीच्या मापाचा एक केसाळ, काळपट गोळा मेलेल्या घुशीसारखा माझ्या हातात आला. त्याच्यामागून जो वास आला, तो आठवला की आजही मी बासुंदीची वाटी बाजूला सारतो. पाणी ढेकर देत निघून गेलं.

नाकाला पदर लावून बायको म्हणाली, "आता दिवसभर मला शिवू नका."

सासूबाईंनी पुन्हा पाणी तापवलं, पुन्हा उटणं कालवलं.

धारला परतल्यावर आईनं विचारलं, "अभ्यंगस्नान नीट घातलं ना त्यांनी?"

"दोनदा घातलं," मी म्हणालो.

केवढा हा मान, म्हणून आई साऱ्या शेजारात सांगून आली.