तिसरा डबा आधी लागला

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील मिलमध्ये मागावर होते, मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालो. हे मी आजही सांगतो, आणि सांगताना आवाज खाली करत नाही. पण एक गोष्ट त्या काळात मी कोणालाच सांगितली नव्हती. इंग्रजी मला वाचता येत होतं, लिहिता येत होतं. गोऱ्या माणसानं पडद्यावर तोंड उघडलं की मात्र चारातला एखादाच शब्द हाती लागायचा.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. धरमपेठेतल्या एका कॉलेजात फिल्म सोसायटी चालायची. ती चालवणारे सर इंग्रजी विभागाचे प्रमुख, आणि त्यांना रजेच्या जागेवर एक अधिव्याख्याता हवा होता. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. एक दिवस ते म्हणाले, "मागच्या महिन्यात आपण अमेरिकन चित्रपट पाहिला. शनिवारी ब्रिटिश आहे. संपला की दहा मिनिटं दोन्हींवर बोला. इंग्रजीत. तुम्ही कसे उभे राहता ते पाहू या."

म्हणजे मुलाखतच की!

अमेरिकन चित्रपटाची मला भीती नव्हती. रविवारी सकाळच्या खेळाला असले कितीतरी पाहिले होते. तिथे भाषेवाचून अडत नाही. राग आला की ठोसा, प्रेम आलं की मिठी (मिठीनंतरचं सेन्सॉरनं कापलेलं), आणि वाईट माणूस कोण ते त्याच्या टोपीवरून कळतं. ब्रिटिश चित्रपटाचं काही सांगता येत नव्हतं. एक पाहिला होता. त्यात माणसं दोन तास चहा पीत होती आणि शेवटी एक बाई रडली. का रडली, ते मला समजलं नव्हतं.

शनिवारी सक्करदऱ्याहून सायकल काढली तेव्हा वडील ओट्यावर होते.

"काहून एवढा घाबरून राहिला गा?"

"घाबरून नाही राहिलो."

"मंग शर्ट काहून भिजला? अजून तं पायडल नाही मारलं तू."

हॉल भरलेला होता. मी सरांच्या शेजारी पहिल्या रांगेत. मागे टेबलावर प्रोजेक्टर, आणि तो चालवणारा प्रयोगशाळेतला शिपाई. चित्रपट तीन डब्यांत आला होता. एक डबा संपला की दिवे लागायचे, दुसरा चढेपर्यंत लोक खोकून घ्यायचे.

पहिल्या डब्यात मिलमधल्या कामगाराचं घर. बारकी खोली, ओला कोट, बापलेकाची धुसफूस. उच्चार असे की, आपण सहा वर्षं शिकलो ती भाषा ही नव्हेच, असं वाटावं. तरी घर ओळखीचं होतं, म्हणून मी तग धरून होतो. पुढचा डबा लागला आणि बापाची अंत्ययात्राच निघाली. मुलगा घरी येऊन दांडी तुटलेल्या कपात चहा पितो, आणि पडद्यावर 'दि एंड'. त्यानंतर कोणीच उठलं नाही, कारण एक डबा उरला होता. तो लागला. बाप जिवंत! दाढी करतोय, मुलावर ओरडतोय, आणि भांडणात तोच कप फरशीवर पडून त्याची दांडी तुटते.

मला घाम फुटला. कप आधी तुटलेला आणि मग तुटतो? डबे उलटे लागले, हे मला लख्ख दिसत होतं. आमच्या वस्तीजवळच्या टॉकीजमध्ये असं झालं असतं तर अर्ध्या मिनिटात शिट्ट्या पडल्या असत्या. इथे मात्र शंभर शिकलेली माणसं देवळात बसल्यासारखी गप्प. प्रत्येकाला वाटत असणार, चूक आपलीच, हे आपल्यालाच कळत नाही. मलाही तेच वाटू लागलं. 'दि एंड'सुद्धा मधेच टाकत असतील, काय सांगावं?

तेवढ्यात सर माझ्या कानाशी वाकले. "बघा, मरणानंतर पुन्हा माणूस उभा केला. आठवण. हे अमेरिकनांना जमणार नाही. यावर बोला."

दिवे लागले. मी उभा राहिलो. खरं बोलावं तर सर शंभर जणांसमोर खोटे पडतात. मी बोललो. म्हणालो, अमेरिकन चित्रपट सडकेसारखा सरळ जातो आणि मेलेल्याला मागे टाकतो. ब्रिटिश चित्रपट मेलेल्याला परत चहाच्या टेबलावर बसवतो. इंग्रजी न अडखळता आलं, हे विशेष. टाळ्या झाल्या. मी मात्र बोलताना मागेच पाहत होतो. शिपाई डबे हातात घेऊन उभा होता. आता हा तोंड उघडतो, या धास्तीनं मला माझंच शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही.

बाहेर सायकलपाशी त्यानं मला गाठलं.

"साहेब, तुमी मले वाचवलं बरं! दोन नंबर ठेवून तीनच चढवला ना मी. मागच्या साली एक फिलीम जाळली, तवापासून सर टपूनच आहेत. अन् तुमी असं सांभाळलं का कोनाले पत्ता नाही लागला."

त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी बोललो. त्यानं चहा पाजला, तो मी प्यालो.

नोकरी मिळाली. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले.

पुढच्या महिन्यात पुन्हा अमेरिकन चित्रपट. मी आता सोसायटीतला माणूस, सरांच्या शेजारची खुर्ची माझीच. तिसऱ्यांदा दिवे मालवले, आणि मघाशी दरीत पडून मेलेला दरोडेखोर घोड्यावर बसून हसत आला. हॉल उसळला. "अरे, डबा! डबा बदला!" सगळ्यात आधी ओरडले ते सर.

दिवे लागले. सर तरातरा मागे गेले, मीही त्यांच्या मागून.

"हे याआधी कधी झालं होतं का?"

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. "नाही सर. पयल्यांदाच."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. काही तरी आठवत असावेत. मग ते माझ्याकडे वळले.

"पहिल्यांदाच," मी म्हणालो.