चौघांची गाडी आणि माईचं नाक

एका गाडीचे मालक चार असले, की किस्से चौपट साठतात. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत नरू, दिन्या, बाळ्या आणि मी, अशा चौघांनी मिळून एक सेकंडहँड गाडी घेतली. आता कुठेही गप्पा रंगल्या की तिचा विषय निघतोच. आणि विषय म्हणजे एकच, तिचा कुबट वास!

गाडी घेतली ती खरं तर नरूच्या आईसाठी. अख्खी चाळ तिला माई म्हणते. गुडघ्यांमुळे माईला स्टेशनचा जिना चढवत नाही आणि एसटीत डिझेलच्या वासानेच उलटी होते. कुडाळजवळ गावी तिची थोरली बहीण एकटी असते. सहा वर्षं दोघींची भेट नाही. मे महिन्यात माईला गावी न्यायचंच, असं आम्ही छाती ठोकून सांगितलेलं.

माईने गाडीचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि तस्संच बाहेर काढलं. "हय उंदीर मेलो हा काय रे? मी बसूचंय नाय!"

आम्हाला तर काहीच जाणवत नव्हतं. आमची नाकं सरावली होती.

*

पहिला उपाय दिन्याचा. मोगऱ्याच्या परफ्यूमच्या तीन बाटल्या! जुना वास गेला नाही, मोगरा मात्र त्याला जाऊन मिळाला. दिन्याची बायको आत बसली आणि म्हणाली, "काय हो, ओल्या पायपुसण्याचं लग्न लावलंत का?"



*

बाळ्या देवभोळा. त्याने गाडीत धूप पेटवून ठेवला, काचा लावल्या आणि चहाला गेला. दहा मिनिटांत काचेआड धूरच धूर. पहिल्या मजल्यावरचे सावंतकाका "आग! आग!" करत खाली धावले, दार उघडलं आणि बादलीभर पाणी आत ओतलं!

बाळ्या हातातल्या कटिंगसकट पळत आला. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "थँक्यू नको म्हणूस रे. शेजारधर्म आहे!"

*

मग मी यूट्यूब बघून खायचा सोडा आणला. सगळ्या सीट्सवर भुरभुरला आणि व्हॅक्युम क्लीनर मागायला दादरला मेव्हण्याकडे निघालो. परळ नाक्यावर हवालदाराने अडवलं.

"ही पांढरी पावडर कसली?"

"साहेब, सोडा आहे. वासासाठी."

त्याला काही पटेना. त्याने खिडकीतून डोकं आत घातलं आणि खोल श्वास घेतला.

"जा! आणि आधी काच वर कर!"

*

हसत होतो खरे, पण आतून वाईट वाटायचं. रोज संध्याकाळी बहिणीचा फोन यायचा आणि माई "बघूया गो" म्हणून विषय बदलायची. नरू गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

शेवटी चाळीमागच्या गॅरेजवाल्या उस्मानभाईंना बोलावलं. त्यांनी वास घेतलाच नाही. सरळ पुढच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये हात घातला. हात ओला!

"एसी का पानी रस्त्यावर पडायला पाहिजे. तुमच्याकडे आत पडतंय. नळी चोकअप है."

त्यांनी तार घातली, चिखलाचा गोळा बाहेर आला आणि गाडीखाली पाण्याची धार लागली. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या! कार्पेटखालचा फोम पिळला तर त्यातून अर्धी बादली पाणी निघालं.

"सगळं काढा, कडक उन्हात टाका," उस्मानभाई म्हणाले. "और वो मोगरा फेंक दो!"

*

तीन दिवस चाळीच्या चौकात एका बाजूला बायकांचे पापड, दुसऱ्या बाजूला आमच्या सीट्स आणि फोम. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर मागच्या सीटवर सावंतकाका घोरतायत. उठवलं तर म्हणाले, "पाणी मी ओतलं होतं. सुकलं की नाही ते मीच बघणार ना!"

*

चौथ्या दिवशी भर उन्हात आम्ही सगळं परत बसवलं. घामाने नुसते निथळत होतो. अख्खी चाळ गॅलरीत उभी.

माई आली. आत बसली. "दार लाव," म्हणाली. नरूने काच वर केली, दार लावलं.

एक मिनिट झालं. दोन झाली. आतून काही कळेना.

काच खाली आली.

"गाडीक वास नाय!"

गॅलरीतून शिट्ट्या पडल्या. नरू चक्क रडला, आणि मी हसलो नाही. एक फेरी मारून येऊ म्हणून आम्ही चारही दारं उघडली, तेवढ्यात माईने हात वर केला.

"थांबा! आता वास येता तो तुमचो. चौघांय न्हावन येवा, मी हयच बसतंय. आणि नरू, येताना माझी बॅग घेवन ये, मावशेक फोन कर. माका भाकरी ठेव म्हणान सांग!"