पस्तिशीचा नवरा आणि जवसाची चटणी

ऐका हो ऐका! समस्त करवीरवासीयांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाला बळी न पडता, मी तेल सोडले होते.

रक्ताची तपासणी झाल्यावर राजारामपुरीतल्या आहारतज्ज्ञ बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "तळलेलं आणि मिसळीवरचा कट जरा कमी करा." जरा! हे माप आमच्या कोल्हापुरात नाही. आम्ही लाल तेलाचा तो कट वाटीनं पितो, नाहीतर त्याचं तोंड पाहत नाही. मी घरी येऊन तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं, सगळ्यांनाच हद्दपार केलं. चार महिने पाण्यात शिजवलेला दोडका खाल्ला. शेवटी दोडका आणि मी, दोघंही एकमेकांना कंटाळलो.

त्यातच आमच्या हौशी मंडळाच्या नव्या नाटकात मला पस्तिशीच्या नवऱ्याचं काम मिळालं. दिवसभर कचेरी, मग तालीम. घरी पोचेपर्यंत पाय शिशाचे व्हायचे. पण ते काम मला हवंच होतं. हल्ली भाजीवाल्यापासून बँकेतल्या मुलीपर्यंत सगळे काका म्हणतात. तालमीत तेवढे दोन तास कुणी म्हणत नसे.

प्रयोगाला दोन महिने असताना आमच्या मेकपमननं चाचणीसाठी माझ्या तोंडाला रंग लावला आणि हात झटकला.

"काय ओ हे? वाळल्या रानागत भेगा पडल्यात की! रंग बसंना झालाय. तेल सोडलंसा व्हय?"

"खाण्यातलं सोडलंय."

"मग तोंडानं काय घोडं मारलंय तुमचं?"

दिग्दर्शक वयानं माझ्यापेक्षा बराच लहान. त्यानं वाकून माझे गाल पाहिले आणि हळूच म्हणाला, "काका, सासऱ्याचं कामही चांगलं आहे तसं."

काका!

दुसऱ्याच दिवशी मी त्या आहारतज्ज्ञ बाईंसमोर हजर. माझा त्याग ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मी कट कमी करा म्हटलं होतं. जवस, तीळ, शेंगदाणे यांच्यावर कशाला राग? कातडीला ओलावा धरून ठेवायला चांगली चरबी लागते, आणि ती खाण्यातूनच जावी लागते. वरून किती क्रीम थापणार?"

"मग तरुण दिसेन ना?"

"कोरडे दिसणार नाही," बाई म्हणाल्या.

बायकोनं जवस भाजून, लसूण घालून चटणी कुटली. भाकरीबरोबर ती घेतली, वर घाण्यावरचं शेंगतेल ओतायला लागलो, तर तिनं मनगट धरलं. "अहो, चमचाभर सांगितलंय, पळीभर न्हाई!" डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं लसणानं.

हळूहळू कोपरांवरचा पांढरा कोंडा गेला. दाढी करताना गाल ओढल्यासारखे वाटेनात. थकवा मात्र तसाच राहिला. तो जवसाच्या हाताबाहेरचा असावा.

रंगीत तालमीला मेकपमननं रंग लावला आणि तो लोण्यासारखा पसरला. मी आरशात स्वतःला ओळख दिली. दिग्दर्शकानं मला दिव्याखाली उभं केलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "पस्तिशीचेच दिसताय. काम तुमचंच." मी मंडळींना मुजरा केला.

पहिला प्रवेश. रुसलेली बायको खुर्चीत, नवरा तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसतो, तिची मनधरणी करतो, आणि ती हसली की उडी मारून उठतो. मी बसलो. झकास मनधरणी केली. ती हसली. मी एक हात खुर्चीवर टेकला, दुसरा नायिकेच्या खांद्यावर, आणि अर्ध्यात पोचल्यावर तोंडून निघालं, "अगं आई गं!"

विंगेतून मेकपमन ओरडला, "तोंड पस्तिशीचं करून दिलंतं की मी, पर ह्येंस्नी खाली बसवलं कुणी?"