मालकाच्या तोंडून

जुनी गाडी विकायला आलेल्या माणसाला आबा आधी चहा पाजत, मग गाडीपाशी नेत आणि म्हणत, "आता हात ठिवा बॉनेटवर अन् खोड सांगा." माणूस गडबडून जाई. विकणारा गाडीचे गुण घोकून आलेला असतो. दोष विचारले की आपण चुकीच्या दारात आलो असं त्याला वाटतं. आबांना मात्र घाई नसे. घेणारा समोर उभा, विकणारा बॉनेटपाशी, आणि मध्ये स्टुलावर बसून आबा तंबाखू मळत वाट पाहत. खोड मालकाच्याच तोंडून यायला हवी, तीही घेणाऱ्याच्या देखत, हा त्यांचा नियम होता. तोवर भावाची गोष्ट निघत नसे.

हिंगोलीत औंढा रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. बाहेर पाच-सात जुन्या गाड्या, शेजारी शब्बीरभाईंचं गॅरेज. आबा जाऊन आता वर्ष होत आलं. शेवटचे काही महिने त्यांना बोलता येत नव्हतं. शेडच्या जागी फरशांचं दुकान झालंय. त्या रस्त्याने जाताना मी तिकडे पाहत नाही, पाहवत नाही.

माझी त्यांची ओळख गाडीमुळेच झाली. मी डोंगरकड्याच्या शाळेवर शिक्षिका आणि राहायला हिंगोलीत. एसटीच्या भरवशावर शाळेची वेळ गाठता गाठता जीव मेटाकुटीला आला होता. नवी गाडी झेपणारी नव्हती. जुनी पाहायला मी आबांच्या शेडवर गेले, त्या दिवशी साखऱ्याचे एक निवृत्त तलाठी आपली छोटी पांढरी गाडी घेऊन आले होते. "घरगुती वापर आहे, काही म्हणजे काही नाही," असं त्यांनी ठासून सांगितलं. आबा म्हणाले, "बिनखोडीची गाडी मी इकत न्हाई, साहेब. खोड न्हाई म्हंतो तो झाकून राहिला असतो."

तलाठ्यांनी शेवटी बॉनेटवर हात ठेवला. पावसात डाव्या दारातून पाणी येतं, ते म्हणाले. मग म्हणाले, दुसरा गिअर कुरकुरतो. मग थोडं थांबून, मागच्या सीटखालचा पत्रा सडलाय, वर पायपुसणं टाकलंय. एकदा तोंड सुटल्यावर त्यांना थांबवेना. "आणि आमची बायको या गाडीत बसत नाही," असंही त्यांनी सांगून टाकलं. "मी चालवतो म्हणून."

आबा हसले नाहीत. "ते गाडीचं न्हाई, तुमचं हाय. ते सोडा," म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, आता घ्यायची तर घ्या. खोड सांगितली की अर्धी जाती." मी गाडी घेतली. शब्बीरभाईंनी खालचा पत्रा कापून नवा जोडला, दाराचं रबर बदललं. गिअर आजही कुरकुरतो, पण मला माहीत असल्यामुळे त्याचा राग येत नाही.

ही खोडीची भाषा गाड्यांची नव्हती, बैलांची होती. आबांचे वडील बैलबाजारातले हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल. आबाही तरुणपणी तेच करत. पुढे शेतात ट्रॅक्टर आले, बाजारात बैल कमी झाले, तसे आबा जीपगाड्यांच्या व्यवहारात शिरले. माल बदलला, पण माणूस बाजारातलाच राहिला. चढावर दम तोडणारी गाडी त्यांच्या लेखी 'बसकी', क्लच सोडताच उसळी मारणारी 'मारकी'. नवा रंग दिलेली गाडी आली की त्यांचा चेहरा उतरे. "शिंगं रंगवून आणलेल्या बैलाला मी लई भ्यायचो," म्हणत आणि बोटाच्या पेराने पत्रा वाजवून खाली खड्डे बुजवणारी पुट्टी कुठे आहे ते शोधत. हळदीच्या हंगामानंतर व्यापाऱ्यांच्या व्हॅन विकायला येत. त्यांच्या सीटा कितीही धुतल्या तरी पिवळ्या राहत आणि दार उघडलं की नाकात हळद जाई. त्यावर कुणी अत्तर मारून आणलं की आबा त्याला दुरूनच हात जोडत.

नियमापायी त्यांचं नुकसानही होई. कितीतरी विकणारे चहा पिऊन तसेच निघून जात. शब्बीरभाई वैतागून म्हणत, "आबा, धंदा करते की पंचायत?" आबा म्हणत, "सांगून दिलेला बैल दारात परत येत न्हाई, भाई. मला रात्री झोप लागती, तेवढं बराबर हाय."

गाडीची चाल पाहायचं काम त्यांच्या मुलीचं, सुजाताचं. तिची आई ती लहान असतानाच गेली. आबांनी तिला एकट्याने वाढवलं, म्हणजे शेडमध्येच वाढवलं. ती नर्सिंग शिकली, आरोग्य केंद्रात लागली, तरी रविवारी शेडवर असायचीच. ती गाडी औंढ्याच्या दिशेने दामटवत नेई, फिरवून आणी, आणि आबा डोळे मिटून रस्त्याच्या कडेला उभे राहून आवाज ऐकत. ती उतरून काही बोलायच्या आत म्हणत, "मागचं चाक ना?" ती म्हणे, "व्हय. अन् ब्रेक उजवीकडं वढतो." बापलेकीचं एवढ्यावर भागे. पोरीच्या हातातलं स्टिअरिंग पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी दुसऱ्या कशानेही आलेलं पाहिलं नाही.

सुजाताला पाहायला वाशीमकडचे पाहुणे आले, तेव्हा आबांनी मलाही बोलावलं. घरात बाईमाणूस नाही, मॅडम असाव्यात, असा निरोप होता. जयभीम झाला, पोहे झाले. मुलगा कचेरीत कारकून होता, शांत वाटला. तो आणि सुजाता अंगणात दहा मिनिटं बोलूनही आले. दोघांचे चेहरे बरे दिसत होते. मुलाचे काका म्हणाले, "आमच्याकडून होकार समजा." आणि आबांनी समोरच्या टेबलावर पालथा हात ठेवला.

मला तो हात ओळखू आला. पण मी काही म्हणायच्या आत ते बोलू लागले होते. "सोयरीक करायची तर सांगून करावी. आमच्या लेकराला लहानपनी फिट येत व्हती. औषीद चाललं, मग थांबली. आता बरीच वर्सं झाली, कवाच न्हाई आली. पन तुमाला ठावं असावं." अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात ते शेडवर बोलत. पाहुण्यांनी चहा संपवला. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

पाहुण्यांची गाडी गल्लीबाहेर गेली आणि सुजाता दारात येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. "आबा, मी त्याला सांगनार व्हते. दुसऱ्या खेपेला भेटनार व्हतो आमी, तवा. माझ्या तोंडानं. तुमी काहून सांगितलं?"

"मागून कळलं असतं तर तुलाच तकलीफ झाली असती, बाई," आबा म्हणाले. "द्यायचं तर खोड सांगून द्यावं."

"द्यायचं?" ती म्हणाली. "म्हंजे मला देऊन राहिले व्हते तुमी?"

आपल्या भाषेत मुलगी 'देतात', हे मी जन्मभर ऐकत आले. अमकीला परभणीला दिली, तमकीला जिंतूरला दिली. बैलही देतात, गाडीही देतात. त्या शब्दात काय आहे, हे मला त्या दारात पहिल्यांदा ऐकू आलं. आबांनाही आलं असावं. त्यांनी टेबलावरचा हात काढून मांडीवर घेतला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

त्या दिवसापासून सुजाता त्यांच्याशी बोलेनाशी झाली. घर तेच, चूलही तीच. ती दोन वेळा भाकरी थापी, ताट वाढून ठेवी, त्यांचे कपडे धुई. पण बोलणं नाही. शेडवर यायची बंद झाली. गाडीची चाल आबा शब्बीरभाईंकडून पाहून घेऊ लागले, पण रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहत नसत. मी तिला समजवायला गेले, तर ती म्हणाली, "ताई, लग्न मोडल्याचा राग न्हाई. त्यो पोरगा तेवढ्यावरून मागं सरला, ते बरंच झालं. पन माझ्याजवळ माझं म्हनून एवढंच व्हतं, कुनाला कवा सांगायचं ते. ते बी यांनी बाजारात मांडलं." मला तिचं पटत होतं आणि आबांचं वाईट वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

पुढे एकदा मी गाडीचं ऑइल बदलायला शब्बीरभाईंकडे गेले, तेव्हा आबा माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ तंबाखूची पुडी नुसती हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, बाजारात खोड कोन सांगतो?"

"मालक."

"व्हय. मीच म्हनायचो, मालकाच्याच तोंडातून आली पायजे, दलालानं सांगू नये. मी तिचा बाप हाव. मालक न्हाई. चुकलो."

"मग हे तिला सांगा ना, आबा."

"ती म्होरं आली की जीभ बसती," ते म्हणाले. उभं आयुष्य दुसऱ्यांना बोलतं करण्याचा धंदा केला त्या माणसाने, आणि घरात त्याला एक वाक्य निघत नव्हतं. मी तिला सांगू का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "पुन्यांदा दुसऱ्याच्या तोंडानं नगं."

त्यानंतर आबा वाळत गेले. बोलणं कमी झालं, ते आम्ही सगळ्यांनी मनाच्या दुखण्यावर ढकललं. डब्यातली भाकरी परत जाऊ लागली. खिचडी तेवढी खात, तीही एका बाजूने. रुमाल सारखा तोंडाशी. मी विचारलं तर म्हणाले, "दाढ हाय." बाजारात कुठल्याही बैलाचा जबडा उघडून दात पाहणारा माणूस स्वतःचं तोंड उघडून दाखवायला तयार नव्हता. शब्बीरभाईंनी दटावलं, तरी नाही. घाबरले होते, आता कळतं. आणि कदाचित असंही असेल, की जिला सांगायचं तिच्याशीच बोलणं नव्हतं, मग दुसऱ्या कुणाला काय म्हणून सांगायचं.

एका सकाळी सुजाता माझ्या घरी आली. "ताई, आज शाळेला सुट्टी टाकता का? गाडी पायजे. आबांना नांदेडला न्यायचं." तिने रुमाल धुताना रक्त पाहिलं होतं. नर्सच ती, तिला काय सांगायला हवं. मी म्हणाले, "तू बोललीस त्यांच्याशी?" ती म्हणाली, "न्हाई." गाडी त्यांच्या दारात नेली, तेव्हा तिने नुसतं पुढचं दार उघडून धरलं. आबांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी घालून निमूट येऊन बसले. ती चालवत होती, मी मागे बसले होते. वाटेत गिअर कुरकुरला तेव्हा आबांचे डोळे आपोआप मिटले, एवढं मला मागून दिसलं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले होते. "आजोबा, कधीपासून आहे हे?" आबा म्हणाले, "दाढ दुखती." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, जेवण जातं का, तोंड पूर्ण उघडतं का, तंबाखू किती वर्षं. आबा फरशीकडे पाहत राहिले. सुजाताला सगळं माहीत होतं. परत येणारं ताट तिनेच पाहिलं होतं, उशीचा अभ्रा तिनेच बदलला होता. ती डॉक्टरांना थेट सांगू शकली असती. कुठल्याही मुलीने सांगितलं असतं.

ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली, त्यांच्या तोंडासमोर तोंड येईल इतकी खाली. दीड वर्षात पहिल्यांदा तिने त्यांना हाक मारली.

"आबा," ती म्हणाली, "मी सांगू का?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले. मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला. ती तशीच बसून राहिली.

"सांग, माय," ते म्हणाले. "समदं सांग."

ती उठून उभी राहिली आणि डॉक्टरांना पहिल्यापासून सांगू लागली. आबा तिच्या तोंडाकडे पाहत ऐकत होते. मधे ते एकदाही बोलले नाहीत.