दुसरी खुर्ची

लोरेटा पियोवेसान कॅथलिक शाळा मंडळावर चार वेळा निवडून आली, पण आजवर तिला एकाही माणसाने मत दिलेलं नव्हतं. समोर उभं कोण राहणार! थंडीत तासन्‌तास गाडी हाकत बैठकांना जायचं आणि वर गावाच्या शिव्या खायच्या, हे नसतं लचांड हवंय कुणाला? कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताच्या उत्तरेकडच्या त्या गावाला मंडळावर दोन जागा होत्या. दुसरीवरचे म्हातारे ल्युशियन वारले आणि ती खुर्ची रिकामी झाली.

त्याच उन्हाळ्यात मंडळाने गावातली एकुलती एक कॅथलिक शाळा, सेंट अगाथा, बंद करायचं काढलं. म्हणे मुलं कमी, छप्पर गळकं! लोरेटा तिथेच शिकली होती, आता तिची नात तिथे दुसरीत होती. निकाल निवडणुकीनंतर नवं मंडळ लावणार होतं.

चर्चच्या तळघरात स्पॅगेटीचं जेवण होतं. लोरेटा वाढत होती. सेंट अगाथात तिच्याच वर्गात असलेला डॉमिनिक फाच्चिन ताट पुढे करत म्हणाला, "खाल्लीत ना शाळा तुम्ही मंडळवाल्यांनी?"

"मी एकटी बोंबलतेय तिकडे. दुसरी खुर्ची रिकामी आहे, भर की अर्ज! शुक्रवारी दोनपर्यंत मुदत आहे."

"मी? मला कुठे चारचौघांत बोलता येतं!"

"आत्ता बरं आलं!"

सगळे खदाखदा हसले. लोरेटाच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. तिने हातातला वाढायचा डाव आपटला.

"कुणीही उभं राहा! नाहीतर मंडळ आपल्या मर्जीतला माणूस नेमेल आणि तो शाळा मोडून मोकळा होईल. मग माझ्या नावानं खडे फोडू नका."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातं!

शुक्रवारी ती दोन वाजेपर्यंत नगरपालिकेत बसून राहिली. एक माणूस फिरकेल तर शपथ. कारकूनबाईंनी हसून तिचं अभिनंदन केलं. लोरेटा पाचव्यांदा बिनविरोध निवडून आली होती.

रिकाम्या खुर्चीवर मंडळाने शेजारच्या शहरातला एक निवृत्त बँकवाला नेमला. माणूस सभ्य होता, पण सेंट अगाथा त्याने डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. हिवाळ्यात शाळा एका मताने बंद झाली.

रविवारी मिस्सा संपल्यावर डॉमिनिकने तिला चर्चच्या पायऱ्यांवरच अडवलं. "एका मतानं गेली गं शाळा! तू तिथे करत काय होतीस?"

"मत देत होते," हातमोजे चढवत लोरेटा म्हणाली. "माझ्याकडे एकच होतं. दुसरं तुझ्याकडे होतं, डॉमिनिक."