पंधरापर्यंत मोजणारे आबा

१९८८ साली मी धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत प्रबंधासाठी बोरांमधलं क जीवनसत्त्व मोजत होतो. म्हणजे कागदोपत्री मी. खरं मोजायचे ते तिथले परिचर तोताराम आबा. बोराचा गर आम्लात वाटून गाळायचा आणि त्यात निळा रंग थेंबथेंब सोडायचा. जीवनसत्त्व आहे तोवर रंग पडताक्षणी विरतो. ते संपलं की फिकट गुलाबी छटा येते आणि ती पंधरा सेकंद टिकली की थांबायचं. रंग जितका जास्त लागला, तितकं जीवनसत्त्व जास्त. ती छटा आबांसारखी कुणालाच दिसत नाही, हे आमचे सरही कबूल करायचे, आणि सरांना काही कबूल करायची सवय नव्हती.

ते पंधरा आकडे आबा पुटपुटत मोजायचे. बायको, कमलबाई, गेल्यापासून देवपूरच्या खोलीत त्यांचं बोलणं ऐकायला कुणी नव्हतं. मुलगी सुरतेला. रविवारीही ते येऊन काचेची भांडी घासत बसायचे. मला तो रिकामटेकडेपणा वाटायचा. वय होतं तेवीस, अक्कल बेताचीच.

त्या हिवाळ्यात शेवटी साक्रीकडच्या एका झाडाची बोरं मोजायला घेतली, आणि त्यांचे आकडे चढतच गेले. नवी जात सापडली म्हणून मी हवेत. सरांनी आबांना शेजारी बसवून चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी आबांनी, रोज सकाळी मीच मोजायचो ते तपासणीचं द्रावण माझ्याकडून मागून घेतलं. त्यात जीवनसत्त्व आम्हीच तोलून घातलेलं असायचं आणि त्याला रंग बरोबर पाच मिलिलिटर लागायचा. गुलाबी दिसलं म्हणून आबांनी रंगाच्या नळीची तोटी बंद केली, तेव्हा नळीवरचा आकडा मी वाचला. सहा. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा सहा. छटा त्यांना उशिरा दिसत होती.

"बोरस्मा काही नही, भाऊ," ते म्हणाले. "मना डोया गयात."

"आबा, नीट बघा ना," मी चिडून म्हणालो. ते गप्प राहिले असते तर माझी नवी जात टिकली असती, आणि मला तेच हवं होतं. आज लिहितानाही लाज वाटते. आबा स्वतःच सरांकडे गेले.

डोळ्याचा पडदाच खराब झालाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आबांना फाटकाजवळच्या भांडारात बसवलं. तिथे दिवसभरात चार माणसं यायची नाहीत. बोरं मी पुन्हा मोजली. इतर झाडांसारखीच निघाली.

आठवड्याने दुपारी आबा माझ्या टेबलामागे येऊन उभे राहिले. मी रंग सोडत होतो.

"उना का गुलाबी?" त्यांनी विचारलं.

"आला, आबा."

ते हळूच मोजू लागले. एक, दोन, तीन. माझ्या हातात घड्याळ होतं आणि आजवर मी त्यावरच मोजत होतो. त्यांचे पंधरा होईपर्यंत मी ते काढून खिशात टाकलं. मग प्रबंध संपेपर्यंत ते रोज दुपारी येत राहिले, आणि घड्याळ खिशातच राहिलं.