मामाची अर्धी कविता

माझा मामा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका काढायचा त्याला पगार मिळे, आणि घरी तेच काम तो फुकट करी. मामीच्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा तो ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ठेवायचा. "ओळ शेवटपर्यंत वाचा, मग तोंड उघडा," हे आम्ही त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की कान किटले.

आणि याच माणसाला त्या परदेशी कवितेची सुरुवात तेवढी पाठ होती. पूर्व आणि पश्चिम कधी भेटायच्या नाहीत, अशा अर्थाची ती जगप्रसिद्ध ओळ. शेजाऱ्याने टाय लावला की ती ओळ, मामीने काटेचमचे आणले की तीच ओळ. आम्ही हसायचो.

मग ताईने, त्याच्या एकुलत्या एक मुलीने, परदेशात, नोकरीच्या गावी, तिकडच्याच एकाशी लग्न केलं आणि नवऱ्याला घेऊन भेटायला आली. मी तिथेच होते. उंचनिंच माणूस, दारात वाकून उभा. तिच्याकडून आपली भाषा शिकून आला होता. घसा खाकरून म्हणाला, "बाबा, मी तुमची जावई. आत येऊ का?"

मामीला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मामाने चष्मा खाली ओढला. "'तुमची' नाही, 'तुमचा'," एवढं म्हणाला, जावयाच्या भाषेत ती ओळ अस्खलित ऐकवली आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. ती दोघं परत जाईपर्यंत बाहेर आला नाही. जावयाचा चेहरा पाहून मला मामाची लाज वाटली, आजही वाटते. ती दोघं पुन्हा आली नाहीत. ताईचे फोन मामीसाठी यायचे. मामी गेली आणि तेही जवळपास थांबले.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका कवितासंग्रहाची मुद्रितं मामाकडे आली. त्यात ती कविता होती, अख्खी. भर दुपारी तो ते कागद घेऊन माझ्याकडे आला, घामाने निथळत.

"अगं, पुढे उलटंच लिहिलंय! दोन खंबीर माणसं समोरासमोर उभी राहिली की दिशाबिशा काही उरत नाही म्हणतोय हा."

"आत्ता वाचलंस होय?" मी म्हणाले. माझी जीभ जरा तिखटच आहे.

माझ्याच फोनवरून त्याने ताईचा नंबर लावला. जावयाने उचलला. मामा खुर्चीतून उठून उभा राहिला. जावई त्या दिवशी दारात आपल्या भाषेत बोलला होता म्हणून मामाही आपल्याच भाषेत बोलला, एकेक शब्द सुटा करून. "माझं चुकलं. तुम्ही दारात आलात आणि मी तोंड फिरवलं. पुन्हा या."

पलीकडे फोन हातातून हातात गेला. मग ताईचा आवाज, मलाही ऐकू येईल इतका मोठा.

"बाबा? काय झालं? त्याला काही कळलं नाही. तुमच्यासाठी शिकत होता तो, त्या दिवसानंतर सोडूनच दिलं. काय म्हणत होतात? मला सांगा, मी सांगते त्याला."

मामाला जावयाची भाषा उत्तम येत होती. मुलीशी बोलायला तर भाषेचाही प्रश्न नव्हता. त्याचे ओठ दोनदा हलले.

"काही नाही," तो म्हणाला. "सहजच केला होता."

मी हात पुढे केला, पण तोवर त्याने फोन ठेवला होता.